चार आपल्या, एक त्याची

‘‘बाय, तुझी दोन गेली. आणि माझी तुरेवाली पण.’’

काकीचा फोन आला तेव्हा मी क्लायंट कॉलवर होते. म्यूटवर टाकून ऐकलं आणि पुढचा अर्धा तास स्क्रीनवरच्या एक्सेलमध्ये मला पिसंच दिसत होती. ‘तुझी’ हा शब्द लागला. कारण ती खरंच माझी होती. गेल्या दिवाळीत मोठ्या ऐटीत मीच काकीला १२ सुधारित जातीची पिल्लं गिफ्ट दिली होती. फण्डा साधा होता. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, ही तिच्या दुप्पट. आमच्या पुण्याच्या सुपरमार्केटमध्ये ‘फ्री रेंज’ लेबलची अंडी साध्या अंड्याच्या दुप्पट-तिप्पट भावाने जातात. झालं, काकीचं बिझनेस मॉडेल मी एका रात्रीत तयार केलं! एप्रिल आला तेव्हा १२ मधली तीन उरली होती.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर... आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो की खिडकीतून येणारी हवाच बदलते. दमट, उबदार, काजूच्या वासाची. चिपळूण मागे पडलं, शृंगारतळीला उतरले, तिथून रिक्षा. गुहागर तालुक्यातली आमची वाडी म्हणजे लाल मातीची पायवाट, चिऱ्याची घरं, कमरेएवढे गडगे आणि घरामागे सरळ डोंगर. काका मुंबईला नोकरीत, काकी एकटी. खळ्यात पाऊल टाकलं आणि पहिलं लक्ष गेलं ते गवताच्या उडवीशेजारी विखुरलेल्या पिसांकडे.

‘‘इथं निजली होती,’’ काकी म्हणाली. ‘‘माझी तिन्हीसांजेला खुराड्यात जातात. तुझ्यांना कोण सांगणार? त्यांना आई कुठं होती?’’

मशीनमध्ये उबवलेली, बल्बखाली वाढलेली पिल्लं. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. त्यामुळे जिथे संध्याकाळ होईल तिथेच ही बया बसून राहायची. काकी टॉर्च घेऊन एकेक उचलून आणायची. त्या रात्री दोन राहिली. तुरेवाली अंड्यावरून उठून उशिरा आली असावी, तिला खुराड्याचं दार बंद मिळालं. रानमांजर आलं नि गेलं.

चहा पिता पिता आमचा ‘सीआयडी’चा एपिसोड झाला. मला वाटत होतं की चोर एक आहे, त्याला पकडला की विषय संपला. काकीने हिशेब मांडला तो वेगळाच निघाला. पहिल्या पंधरवड्यातली चार मुंगसाने नेली, भर दिवसा, तीही ऊन चढल्यावर आपण जेवायला बसतो त्या वेळी. मुंगूस रात्री फिरत नाही. दोन मोरघारीची. खळ्याच्या मध्यावर पिसांचा गोल ढीग, म्हणजे वरून आलेला पाहुणा. तिथेच दाबून धरतो आणि उपटून खातो. एक शेजारच्या कुत्र्याने, खाल्लीसुद्धा नाही, नुसती खेळून टाकली. (याचा काकीला सगळ्यात जास्त राग आहे. बाकीचे निदान पोटासाठी करतात, असं तिचं म्हणणं.) आणि अंडी नुसती गायब, टरफलही नाही, म्हणजे नाग किंवा घोरपड.

‘‘मोकळी सोडायची तर चार आपल्या, एक त्याची,’’ ती म्हणाली. ‘‘पण या वर्षी उलटं झालं.’’

उलटं का झालं ते तिने सांगितलं नाही, मला कळलं. माझी पिल्लं पांढुरकी, जाडजूड, उडता न येणारी. हिरव्या परसात ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसायची. सोपं खाणं मिळतंय हे एकदा कळल्यावर मुंगूस रोज यायला लागलं आणि मग काकीची जुनी, अंड्यावरची कोंबडीही एका दुपारी गेली. तिच्या १४ च्या १२ झाल्या त्या माझ्या गिफ्टमुळे. अंड्यांचे पैसे काकी फडताळातल्या डब्यात ठेवते. काकांची मनिऑर्डर यायची त्या काळापासून ते पैसे वेगळे. त्यातून ती भिशी भरते, माहेरी जायचं भाडं काढते, आणि कुणाला विचारत नाही.

मी सोल्युशन घेऊन गेलेच होते. सगळ्या परसाला जाळी, वरूनही नेट. खर्च माझा. काकी हसली. आत कोंडल्या की दाणा विकत आणावा लागणार. आता त्या वाळवी खातात, गोठ्यातले किडे उकरतात, भाताच्या कण्या वेचतात. खर्च शून्य आहे म्हणून ते पैसे डब्यात पडतात. दाण्याचं पोतं आलं की डबा रिकामा! एक्सेलमध्ये हा कॉलम मी धरलाच नव्हता.

शेजारच्या अण्णांनी फासकी लावू का म्हणून विचारलं होतं. काकीने नको सांगितलं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहेच, पण तिचं कारण दुसरं. फासकीला कोण अडकेल याचा नेम नाही, कोकणात बिबटे अडकलेत. आणि मुंगसावर तिचा तेवढा रागही नाही. परसात फुरसं निघतं. ‘‘तो फिरतो म्हणून मी अंधारात लाकडं आणायला जाते,’’ म्हणाली.

दुपारी पडवीत आडवी झाले होते तर कोंबड्याने बारीक, लांबट शीळ घातली. नेहमीची बांग नाही. क्षणात परसातल्या सगळ्या कोंबड्या करवंदीच्या जाळीत गडप. वर एक सावली सरकत गेली. थोड्या वेळाने तोच कोंबडा कटकट कटकट करत ओरडायला लागला, तेव्हा कोंबड्या लपल्या नाहीत, माना ताठ करून गडग्याकडे बघत राहिल्या. गडग्यावर मुंगूस! आकाशातल्या शत्रूला एक आवाज आणि जमिनीवरच्याला दुसरा, यावर शास्त्रज्ञांनी रीतसर प्रयोग केलेत. इथे ते लाइव्ह चालू होतं. माझ्या तिघींपैकी दोघी इतरांसारख्या ताठ उभ्या होत्या. तिसरी आपली शेण उकरत होती. काकीने झाडू फेकला, मुंगूस शेपूट फुलवून सावकाश, अगदी सावकाश निघून गेलं.

काकीने आता दोन गोष्टी बदलल्यात. झुंजुमुंजु असताना खुराडं उघडायचं नाही, उन्हं खळ्यात आल्यावरच. आणि संध्याकाळचा दाणा खुराड्याच्या आतच टाकायचा, म्हणजे पाय आपोआप तिकडे वळतात. शनिवारी तिन्हीसांजेला मी दारात बसून मोजत होते. १२ गावठी आल्या. मग माझ्या दोन. तिसरी फणसाखाली उभी, आता काय करू असा चेहरा. मी उठायला लागले तर काकीने हात धरून बसवलं. पाचेक मिनिटं गेली. मग ती आली, एकदाची.

रविवारी निघताना काकीने मला माजघरात नेलं. डालग्यात काळी कोंबडी खुडूक होऊन बसली होती, जवळ गेले तर फुगून अंगावर आली. तिच्याखाली ११ अंडी. सहा तिची स्वतःची, पाच माझ्या तिघींची. या सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा उबवायला बसतच नाहीत म्हणे. काकीने भिंतीवर कोळशाने तारीख लिहून ठेवली आहे. एकवीस दिवस. त्या शनिवारचं एसटीचं रिझर्व्हेशन मी परतीच्या वाटेवर चिपळूणलाच करून टाकलं.