निनावी दरी

आमचा भाचा नोकरीनिमित्त उत्तर वेल्समधील बँगोर या गावी राहतो. गेल्या श्रावणात त्याच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा त्यास एक नवेच वेड लागल्याचे आमच्या दृष्टीस पडले. सुट्टीच्या दिवशी नकाशा काखोटीस मारून तो डोंगरातील शेतकऱ्यांच्या दारी जाई आणि तेथील टेकड्या, ओढे, कडेकपारी यांची जुनी वेल्श नावे विचारून वहीत टिपून घेई. त्यासाठी तो तीन वर्षे वेल्श शिकत आहे. आम्हांस हा रिकामपणचा उद्योग वाटला, हे कबूल केले पाहिजे.

त्या प्रांतातील सर्वांत उंच शिखर जगास स्नोडन या नावाने ठाऊक आहे. वेल्श लोक त्यास 'अर् विद्वा' म्हणतात. या शब्दाचा अर्थ थडगे. आर्थर राजाने मारलेल्या रिता नावाच्या राक्षसाचे ते थडगे, अशी दंतकथा आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने २०२२ साली हेच नाव वापरण्याचे ठरविले. मोठ्या शिखराला असा कैवारी मिळतो; पण लहानसहान टेपाडांचा कैवार कोणी घ्यावा? एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीदारांनी या मुलखाचे नकाशे केले. त्यांतील पुष्कळांस वेल्श येत नव्हते. त्यांनी ऐकले तसे लिहिले, आणि जे विचारले नाही ते राहूनच गेले.

एका रविवारी भाच्याबरोबर आम्ही ऑग्वेनच्या खोऱ्यातील एका मेंढपाळ शेतकऱ्याकडे गेलो. गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, पण पाठ ताठ. स्वयंपाकघरातील मेजावर चहा आला. भाच्याने नकाशा पसरला, एका उतारावर बोट ठेवले आणि नाव विचारले. म्हाताऱ्याने चष्मा पुसून पाहिले व म्हटले, "त्याला नाव असे काही नाही." दुसऱ्या ठिकाणीही तेच, तिसऱ्याही. भाच्याचा चेहरा उतरला. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही सहज विचारले, "आजोबा, कातरणीसाठी मेंढ्या खाली आणता, तेव्हा आरंभ कोठून करता?"

म्हातारा उठलाच. काठी घेऊन त्याने आम्हांस अंगणात नेले आणि समोरच्या डोंगराकडे काठी रोखून सांगू लागला. कुत्र्याला प्रथम कोठे धाडावयाचे, बर्फ शेवटपर्यंत कोठे टिकते, चुकलेली मेंढी बहुधा कोणत्या कपारीत सापडते. आणि प्रत्येक जागेगणिक एकेक नाव! भाच्याची पेन्सिल पुरी पडेना. ज्या उताराला नाव नव्हते, त्याच्याच पोटातून चार नावे निघाली. नकाशा त्या म्हाताऱ्यास परका होता. डोंगर परका नव्हता.

तेथील गिर्यारोहकांनी एका उंच दरीस इंग्रजीत 'निनावी दरी' असे नाव दिले आहे. ते ऐकताच म्हाताऱ्यास हसू लोटले. "निनावी? ती तर कूम क्नेइव्यॉन!" म्हणजे कातरलेल्या लोकरीची दरी. ज्यांनी तेथे मेंढ्या राखल्या, त्यांच्या लेखी ती कधीच निनावी नव्हती.

भाषेची एक गंमत येथेच कळली. 'मोइल' म्हणजे टकला, बोडका डोंगर. पण त्यामागे उपपद आले की त्याच शब्दाचा 'वोइल' होतो. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचा शेवट बदलतो, तेथे आरंभच बदलतो. बाहेरच्याने एकाच डोंगराचे दोन मानले, तर त्यास दोष कसा द्यावा?

मग त्याने 'कनेविन' हा शब्द सांगितला. तेथील मेंढ्यांना कुंपण लागत नाही. आपला उतार कोणता, हे मेंढी आपल्या कोकरास चरता चरता शिकवते, आणि ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालते. कळपाने आपला मानलेला तो मुलूख म्हणजे कनेविन. म्हाताऱ्याचा मुलगा शहरात नोकरीस आहे. तो परतणार नाही, आणि कळप आता विकावयाचा आहे. "मेंढ्यांना सारे ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण त्यांना विचारता येत नाही."

यावर आम्ही काय बोलणार? महाबळेश्वरास आम्ही चाळीस वर्षे जात आहोत. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट ही नावे पाहुण्यांस मोठ्या ऐटीने दाखविली. परंतु त्या कड्यांस तेथले धनगर काय म्हणतात, हे एकाही खेपेस विचारावेसे वाटले नाही. त्यांच्याकडून दूध मात्र नेमाने घेतले. परतताना गाडीत आम्ही गप्पच होतो, आणि भाच्यास त्याचे कारण समजले असावे. त्यानेही काही विचारले नाही.

कार्तिकात भाच्याचे पत्र आले. कळप विकला गेला. वहीत एकेचाळीस नावे झाली आहेत. पैकी सात जागा नेमक्या कोठे, ते नकाशावर अद्याप बसविता आलेले नाही. म्हातारबुवांनी कुत्रा मात्र ठेवून घेतला आहे, आणि पाऊस थांबला की त्याला बरोबर घेऊन त्या सात जागा दाखवावयास स्वतः वर चढणार आहेत. पाऊस अजून थांबलेला नाही.