गळ्यातलं जास्तीचं हाड

जन्मात कधी मासा न खाल्लेली माझी आत्या "गळ्यात काटा अडकलाय" म्हणायची, आणि घरातले हसायचे. जबलपूरच्या बडा फुहाऱ्याजवळ तिचं घर. खव्याची जिलबीसुद्धा गिळताना उजव्या बाजूला कळ उठायची, थेट कानापर्यंत. सराफ्याच्या गर्दीत कुणी हाक मारली तर ती मान न वळवता अख्खी वळायची. लोकांना तो तोरा वाटे. हळदीच्या गुळण्या झाल्या, एक दाढ गेली, मानेला पट्टा आला. मग सगळ्यांनी ठरवलं, मनाचं आहे. बाईच्या दुखण्याला हा निकाल फार लवकर मिळतो.

पुढे कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी टॉन्सिलच्या खोबणीत बोट दाबलं. "हेच!" ती ओरडली. तिथेच बधिरतेचं इंजेक्शन दिलं, तर दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं. सीटी स्कॅनने उरलेलं सांगितलं.

कानाखाली, कवटीच्या तळाशी सुईसारखं एक हाड असतं, साधारण अडीच सेंटिमीटरचं. तीनच्या पुढे गेलं तर ते लांब धरतात. कधी त्याला जोडलेला अस्थिबंधच हाडासारखा कडक होतो. शेजारून घशाची चेता जाते, तिची एक शाखा कानातही. म्हणून घसा दुखला की कान दुखतो. मेंदूला रक्त नेणारी धमनीही जवळच. 1937 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या वॉट ईगल यांनी या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते ईगल सिंड्रोम.

मला गंमत वाटते ती पुढची. असं लांब हाड शंभरातल्या चारेक जणांना असतं म्हणतात, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे नुसता फोटो काहीच सिद्ध करत नाही. मोजपट्टीवर हाड लांब भरलं तरी दुखतं कुठे, कधी, कोणत्या बाजूला मान वळवल्यावर, हे दुखणाऱ्यालाच विचारावं लागतं. आत्या ते वर्षानुवर्षं न विचारताच सांगत होती. हाड कापून लहान केलं, कळ गेली. सगळ्यांचीच इतकी पूर्ण जात नाही.

घशात एकाच बाजूला काही आठवडे दुखत असेल तर आधी कर्करोग नाही ना, हे तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच. तिथे काही सापडलं नाही, तर डॉक्टरांना विचारा: टॉन्सिलच्या जागी एकदा बोट लावून बघता का?