शेवटची जागा

अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो. परंतु कित्येक खेळाडूंचे भवितव्य त्याआधीच्या सहा आठवड्यांतच ठरून गेलेले असते. फेब्रुवारीच्या मध्यास मेजर लीगचे तीसही संघ उबदार हवेच्या शोधात आपापली शहरे सोडतात. १५ संघ फ्लॉरिडात उतरतात, १५ ॲरिझोनात. फ्लॉरिडातील सामन्यांना तेथील फळावरून ‘ग्रेपफ्रूट लीग’ म्हणतात, तर ॲरिझोनातील सामन्यांना वाळवंटातील निवडुंगावरून ‘कॅक्टस लीग’. या वसंतशिबिरांचे, म्हणजे ‘स्प्रिंग ट्रेनिंग’चे, सामने हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. कोण जिंकले, कोण हरले, हे चार दिवसांनी कोणालाही आठवत नाही. तरीही या सामन्यांत जीव ओतून खेळणारी माणसे असतात, आणि आमचे मन वेधून घेतले ते त्यांनीच.

ही माणसे कोणती, हे समजण्यासाठी थोडे गणित पाहावे लागेल. प्रत्यक्ष सामन्यांसाठी संघाला २६ खेळाडूंची यादी करता येते. २०२० पूर्वी ही संख्या २५ होती. त्यांत चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, १३ पेक्षा अधिक नसावेत असा नियम आहे. या २६ जणांच्या मागे ४० जणांची एक मोठी यादी असते. शिवाय त्या यादीतही नाव नसलेले काही तरुण आणि काही उतरत्या वयाचे खेळाडू निमंत्रित म्हणून शिबिरात येतात. अशा रीतीने शिबिराच्या आरंभी साठाहून अधिक माणसे एकाच छताखाली कपडे बदलत असतात. त्यांपैकी नामवंतांच्या जागा दीर्घ करारांनी आधीच निश्चित झालेल्या असतात. खरी चुरस उरते ती शेवटच्या तीन-चार जागांसाठी: पाचवा पिचर, राखीव कॅचर, कोठेही उभा राहू शकेल असा एखादा क्षेत्ररक्षक.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात फ्लॉरिडातील लेकलँड या गावी दोन आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. डेट्रॉईट टायगर्स हा संघ १९३४ पासून, महायुद्धाच्या काळातील खंड वगळता, याच गावी सराव करीत आला आहे. दुसऱ्या महायुद्धात जेथे वैमानिकांना शिक्षण दिले जाई, त्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर त्यांची मैदाने पसरली आहेत. आम्ही क्रिकेटच्या देशातून गेलेलो. खेळाचे बारकावे आम्हांस ठाऊक नव्हते. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र एक खूण शिकविली. ते म्हणाले, “पाठीवरचा आकडा पाहा. ज्याच्या पाठीवर ऐंशी-नव्वदच्या घरातला आकडा आहे, त्याची जागा पक्की नाही. आणि सहाव्या डावानंतर उठून जाऊ नका. तुम्हांला हवी ती माणसे तेव्हाच मैदानात येतात.”

त्यांचे म्हणणे खरे ठरले. पाच-सहा डाव झाले की नामवंत मंडळी स्नान करून घरी जातात, प्रेक्षकही पांगू लागतात, आणि रिकाम्या होत चाललेल्या बाकांसमोर हे मोठ्या आकड्यांचे खेळाडू उतरतात. एरव्ही सोडून दिला असता असा चेंडू अडविण्यासाठी त्यांतील एकाने मातीत अंग झोकून दिलेले आम्ही पाहिले. निकालाला महत्त्व नसलेल्या सामन्यात एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न आमच्या मनात आला. उत्तर त्याच्या पाठीवरच लिहिलेले होते.

परंतु ही चुरस केवळ कौशल्याची असते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ४० जणांच्या यादीतील तरुण खेळाडूला संघ साधारणतः तीन हंगामांपर्यंत मायनर लीगमध्ये पाठवू शकतो व परत बोलावू शकतो. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. ज्याचे ऑप्शन संपले, त्याला खाली पाठविण्यापूर्वी इतर २९ संघांपुढे ठेवावे लागते, आणि कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. म्हणून दोन खेळाडू तोडीस तोड असले, तर ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत तोच पुष्कळदा खाली जातो. त्याने काही कमी केलेले नसते. त्याला पाठविणे सोपे असते एवढेच.

२०१५ साली शिकागो कब्ज संघाच्या क्रिस ब्रायंट या तरुणाने वसंतशिबिरात ९ होम रन मारले. त्या वर्षी शिबिरांत त्याच्याहून अधिक कोणी मारले नव्हते. तरीही हंगामाच्या आरंभी त्याला खाली पाठविण्यात आले. क्षेत्ररक्षण सुधारावे, असे कारण संघाने दिले. १७ एप्रिलला तो वर आला, आणि वर्षअखेर त्याच्या सेवेचे १७१ दिवस भरले. पूर्ण वर्षासाठी १७२ लागतात. त्या एका दिवसाच्या उणिवेमुळे मुक्तपणे दुसऱ्या संघाशी करार करण्याचा त्याचा हक्क एक वर्ष लांबला. त्या वर्षी आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदित म्हणून तो निवडला गेला. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली. २०२२ च्या करारात मात्र अशा गुणी नवोदितांना पूर्ण वर्षाचे श्रेय मिळण्याची तरतूद झाली.

वर आणि खाली यांतील अंतर किती, हेही सांगावयास हवे. २०२३ मध्ये मेजर लीगमधील किमान वार्षिक वेतन ७,२०,००० डॉलर होते. त्याच वर्षी मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, आणि त्यातील सर्वांत वरच्या ‘ट्रिपल-ए’ पायरीचे किमान वेतन ३५,८०० डॉलर ठरले. त्यापूर्वी ते याच्या निम्मेही नव्हते. कित्येक वर्षे मायनर लीगच्या खेळाडूंना वसंतशिबिरातील श्रमांचे वेतनच मिळत नसे. त्याविरुद्धचा दावा २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. लेकलँडला मुख्य मैदान आणि मायनर लीगची मैदाने यांत थोड्याच पावलांचे अंतर आहे. ती पावले उलट दिशेने टाकणाऱ्याच्या संसारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या शिबिरांनी याहून दारुण अन्यायही पाहिला आहे. १९४६ च्या मार्चमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू फ्लॉरिडात मॉन्ट्रियल रॉयल्सच्या शिबिरात आला, तेव्हा सॅनफर्ड गावातून त्याला निघून जावे लागले, आणि जॅक्सनव्हिलमध्ये तर मैदानालाच कुलूप लावले गेले. डेटोना बीच गावाने त्याला १७ मार्चला खेळू दिले. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. डेटोनातील ते मैदान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्या देशातील दोन तरुणही या वाटेने गेले आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू. २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून त्यांची निवड झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. त्या स्पर्धेपूर्वी हातात कधी बेसबॉल न धरलेली ही मुले २००९ साली फ्लॉरिडातील ब्रेडेंटनच्या शिबिरात दाखल झाली. दिनेश २०१० नंतर संघात राहिला नाही. रिंकू काही वर्षे टिकला, पुढे दुखापतींनी त्याला गाठले. दोघांपैकी एकही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. त्यांच्यावर २०१४ मध्ये निघालेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. शिबिरातल्या त्यांच्या पहाटेच्या कष्टांचा वाटेकरी मात्र फारसा कोणी नव्हता.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात शिबिरातली गर्दी ओसरते. सकाळी कोणीतरी येऊन खेळाडूच्या कानात सांगतो, “मॅनेजरने तुला बोलावले आहे.” ऑफिसचे दार लागते. चांगला मॅनेजर ही गोष्ट स्वतः सांगतो, समोर बसवून सांगतो, आणि कारणही सांगतो. निरोप्याकरवी किंवा दारावर लावलेल्या यादीतून ती कळू देत नाही. लोकांना नकार कळविण्याचे काम आमच्याही वाट्याला अनेकदा आले आहे. ते टाळण्याचा मोह किती मोठा असतो हे आम्ही जाणतो. जागा थोड्या आणि माणसे फार, हे कोणत्याही व्यवस्थेत बदलणार नाही. नकार मात्र सन्मानाने देता येतो, आणि ज्याने सहा आठवडे मातीत अंग झोकून दिले त्याचा तेवढ्यावर तरी हक्क आहे. बॅग खांद्याला लावून तो पलीकडच्या मैदानाकडे चालू लागतो, तेव्हा त्याला पाठीवरचा आकडा विसरून नावाने हाक मारणारे कोणीतरी असावे, एवढीच आमची इच्छा आहे.