दूरदेशीचे माणूस आणि घरचा फोन

बोटीवर कामाला जाणे गोव्याला नवे नाही. तारवटी हा शब्द इथे घराघरात माहीत आहे. आखातात आणि विलायतेत नोकरीला गेलेलेही पुष्कळ. आमच्या फोंड्यातल्या शाळेच्या पालकसभेत एकट्या आलेल्या आया दिसल्या की आम्ही एकमेकींना विचारतो, "तुमचे कधी यायचे?" आमच्या घरीही तेच. मुलांचे बाबा २००९ सालापासून मालवाहू बोटीवर आहेत. घरी सासूबाई, आम्ही आणि दोन मुले. आठ-नऊ महिने ते दर्यावर आणि आम्ही इथे. मधला सगळा संसार फोनवर चालतो. त्यातून आम्ही जे शिकलो ते सांगावेसे वाटते.

सुरुवातीला फोन यायचा तो बोट बंदराला लागली की. ते तिथले कार्ड विकत घेत आणि बूथवरून बोलत. भर समुद्रात बोलायचे तर उपग्रहाचा फोन, आणि त्याची मिनिटे सोन्याच्या भावाची. बोलताना आवाज अडखळे. दोघेही एकदम बोलत आणि एकदम गप्प होत. मुलांनो, याचे कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. तो उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, म्हणजे जायला पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव. आता सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आले आहेत. ज्या बोटीवर ती सोय आहे तिथून बोलताना माणूस मडगावहून बोलतो आहे असे वाटते.

कायदाही पुढे सरकला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या खलाशांविषयीच्या करारात २३ डिसेंबर २०२४ पासून नवी तरतूद लागू झाली. बोटमालकाने शक्य तेथवर खलाशांना इंटरनेट द्यावे आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असे त्यात म्हटले आहे. एकेकाळची चैन आता खलाशाच्या सोयींत गणली जाते.

पण सोय वाढली म्हणून काळजी कमी होते असे नाही. पूर्वी महिनाभर खबर नसली तरी घरचे म्हणत, "बोट बंदराला लागली की येईल फोन." रोज सकाळी 'उठलात का?' असा निरोप येऊ लागला आणि एक दिवस चुकला तरी जीव खालीवर होऊ लागला.

२०२० सालचा जून आम्ही विसरणार नाही. महामारीमुळे बंदरे खलाशांना उतरू देत नव्हती. मुदत संपूनही बोटीवर अडकलेल्या खलाशांची संख्या त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे चार लाख होती, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. मुलांचे बाबा त्यांतलेच एक. अशा दिवसांत अचानक निरोप बंद झाले. आम्ही पाठवलेल्या प्रत्येक निरोपापुढे एकच टिक. धाकटी दर तासाला फोन हातात घेई आणि न बोलता खाली ठेवी. सासूबाईंनी देव्हाऱ्यासमोर गाऱ्हाणे घातले आणि रात्रीचे जेवण सोडले. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पहाटे फोन आला. बोटीवरचा अँटेना बिघडला होता, एवढेच. त्यांचे ते नऊ दिवस नेहमीच्या पाळ्या करण्यात गेले होते. आमचे कसे गेले हे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत.

ते घरी आल्यावर आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. पहिली, गप्प राहण्याची मुदत. बंदर सोडण्यापूर्वी ते पुढचे बंदर आणि लागणारे दिवस कळवतात. त्यावर आणखी चार दिवस जाईपर्यंत घरात कोणी घाबरायचे नाही. त्यानंतर कंपनीच्या कार्यालयात फोन करायचा. तो नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे आणि तो मुलांनाही ठाऊक आहे. दुसरी गोष्ट, बोलण्याचा वार आणि वेळ ठरलेली. त्या वेळी टीव्ही बंद, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दहा मिनिटे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. वाईट बातमी लपवायची नाही. २०२२ साली सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. नातेवाईक म्हणाले, "त्याला कशाला सांगता? येऊ तर शकणार नाही." आम्ही त्याच दिवशी सांगितले. ते रात्रभर जागे राहिले खरे, पण नंतर म्हणाले, "तुम्ही लपवले असते तर पुढे 'सगळे बरे आहे' म्हटल्यावर माझा विश्वास बसला नसता."

जे पालक पहिल्यांदाच परदेशी निघणार असतील त्यांच्यासाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरावरून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ साली काही देशांसाठी मिळाली, त्यांत ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती आहेत. अमिरातीत जाणाऱ्यांनी घरच्यांना आधीच सांगावे की तिथे व्हॉट्सॲपवर निरोप जातात, पण बोलण्यासाठी तिथल्या सरकारने मान्य केलेले ॲप लागते. नाहीतर पहिल्याच रात्री घरचे फोन लावत बसतात. विमानात आणि प्रवासी बोटीवर मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवावा. तिथले मोबाईल नेटवर्क वेगळे आणि महाग असते, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही. डेटा मोजका असेल तर चित्रासह बोलण्यापेक्षा नुसते बोलावे. ढोबळमानाने एका तासाच्या व्हिडिओला जेवढा डेटा लागतो त्यात आठ-दहा तास बोलून होते.

चवथीला त्यांना क्वचितच घरी येता येते. गेल्या वर्षी माटोळी बांधताना धाकटीने फोन धरला होता. नेट मध्येच गेले. ती रडली नाही. घड्याळ पाहून म्हणाली, "आज मंगळवार. बंदराला अजून पाच दिवस आहेत." आणि माटोळीला लावायची सुपारीची शिपटी उचलून आजोळच्या मामाकडे दिली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या दूरदेशी जातील. बॅग भरण्याच्या आदल्या दिवशी घरच्यांशी एवढे बोलून घ्या : निरोप कधी येईल, किती दिवस येणार नाही, आणि त्यानंतर कोणाला विचारायचे.