मी पाहिलेली बर्फाची टेकडी

'मी पाहिलेले ठिकाण' या विषयावर निबंध लिहायला दिला की वह्यांमध्ये ठरलेली नावे येतात. रायगड, महाबळेश्वर, गणपतीपुळे, नाहीतर मामाचे गाव. ती यायलाच हवीत. आज मात्र मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे एक छोटे राज्य आहे. तिथल्या रिचमंड गावाजवळ स्कीची एक टेकडी आहे, तिचे नाव कॉक्रन्स. टेकडी म्हणजे खरंच टेकडी हं. मोठमोठ्या पर्वतांची चित्रं डोळ्यांसमोर आणू नका.

मी त्या टेकडीवरून एकदाही घसरले नाही. गुडघे तयार नव्हते. खाली उभी राहून नुसतं पाहिलं. पण बत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला तिथे पाहण्यासारखं भरपूर होतं.

आधी स्की म्हणजे काय ते सांगते. जाड, टणक बुटांना दोन लांब अरुंद पट्ट्या अडकवायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फाच्या उतारावरून वळणं घेत खाली यायचं. आपल्या देशात हा खेळ काश्मीरमधल्या गुलमर्गला आणि उत्तराखंडातल्या औलीला चालतो. नवख्या मुलांना पहिल्यांदा थांबायला शिकवतात, ही गोष्ट मला फार आवडली. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली की वेग कमी होतो. या आकाराला तिथली मुलं 'पिझ्झा' म्हणतात, कारण तो पिझ्झाच्या तुकड्यासारखा दिसतो. पट्ट्या सरळ समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राइज', म्हणजे सुसाट! शिक्षिका खालून 'पिझ्झा, पिझ्झा!' असं ओरडत असते आणि पोरं वरून 'फ्रेंच फ्राइज' करत येतात.

माझी लेक आणि जावई बर्लिंग्टन शहराजवळ राहतात. नातू सात वर्षांचा आहे. आपल्याकडे नदीकाठच्या गावातल्या पोराला पोहता यावं लागतं, तसं तिथल्या मुलांचं स्कीचं आहे. वर्गातली निम्मी मुलं सोमवारी तेच बोलत असतात. म्हणून दोघांनी त्याला आधी एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी नेलं. मीही सोबत होते. मोठी वाहनतळं, तिथून बसने पुढे, मग रांगा. आयत्या वेळी खिडकीवर घेतलं तर अशा काही ठिकाणी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या पुढे जातं. उपाहारगृहात बसायला जागा हवी तर तिथलंच खाणं घ्यायचं, त्यामुळे आमची थालीपीठं पिशवीतच राहिली. हे सगळं एक वेळ चालेल. पण पाळण्यात चढायच्या रांगेत नातू पडला. त्याच्यामुळे पाळणे थांबले आणि मागची पन्नास माणसं त्याच्याकडे पाहू लागली. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "आजी, मी पडताना तू बघू नकोस हं."

शिक्षकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. वहीवर आडवा हात धरून गणित सोडवणारी मुलं हेच सांगत असतात. असं मूल तिसरीत असेल तर फार उशीर झालेला नसतो. पण तो हात तसाच राहिला तर सातवीपर्यंत ते उत्तर द्यायचंच सोडून देतं. मला नातवाच्या स्कीची एवढी चिंता नव्हती, पण त्या आडव्या हाताची होती.

पुढच्या शनिवारी लेक म्हणाली, "आई, आज छोट्या टेकडीवर जाऊ."

आता या टेकडीचा इतिहास ऐका. मिकी कॉक्रन नावाचे एक अभियंते होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जिनी यांनी रिचमंडला शेतावरचं एक घर घेतलं आणि १९६१ साली घरामागच्या उतारावर स्वतःच एक दोरखेच बसवली. दोरखेच हा शब्द माझाच, तुम्ही दुसरा सुचवा. विहिरीच्या रहाटासारखी दोन टोकांना चाकं, त्यांवरून फिरणारा जाड दोर. दोर हातमोज्यांनी घट्ट धरला की तो आपल्याला उतारावरून वर ओढत नेतो. चार मुलांना शाळा सुटल्यावर सराव करता यावा, एवढाच हेतू होता. पण घरामागे असं काही फिरतंय म्हटल्यावर शेजारची मुलं यायची राहतात का! ती आली, आणि कुणी त्यांना परत पाठवलं नाही. थंडीने काकडलेली पोरं ऊब घ्यायला जिनीबाईंच्या स्वयंपाकघरात जात. १९९८ पासून ही टेकडी ना-नफा संस्था म्हणून चालते. पैसे नाहीत म्हणून एकाही मुलाला परत जावं लागू नये, हा तिचा नेम आहे.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी उताराच्या जवळच लागली. खाली एक साधी लाकडी इमारत. आत बाकांवर कुणाचे बूट, कुणाचे डबे, कुणाचं रांगणारं बाळ. आमची थालीपीठं निघाली, थर्मासमधला चहा निघाला. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी वासाची चौकशी केली आणि अर्धं थालीपीठ घेतलं. कपड्यांचं तर विचारू नका. मोठ्या ठिकाणी सगळे जाहिरातीतून उतरल्यासारखे दिसत होते. इथे थोरल्या भावाची पँट धाकट्याच्या अंगावर, गुडघ्याला चिकटपट्टी.

नातू दोरखेचीशी गेला, दोर धरला आणि लगेच पडला. त्याच्या मागची मुलगी असेल आठ-नऊ वर्षांची. ती बाजूला सरकली, त्याला उठायला जागा दिली आणि म्हणाली की दोर एकदम पकडू नको, आधी हातातून सरकू दे, मग हळूहळू मूठ आवळ. कुठलंही यंत्र थांबलं नाही. दुसऱ्यांदा तो अर्ध्यावर पडला. तिसऱ्यांदा वर पोचला. वरून पिझ्झा करत करत निघाला, शेवटी आडवा झाला आणि बर्फात बसूनच ओरडला, "आजी, पाहिलंस? केवढा पडलो!"

असं का होत असेल, यावर मी त्या दिवशी बराच विचार केला. माणसं प्रेमळ होती हे खरं, पण मोठ्या ठिकाणचेही कर्मचारी काही वाईट नव्हते. मला वाटतं, बरंचसं श्रेय टेकडीच्या लहान असण्याला आहे. सगळा उतार एका नजरेत मावतो. त्यामुळे आईबाप निवांत असतात, सारखं मागे पळत नाहीत. एक फेरी काही मिनिटांत होते, म्हणून एक फेरी बिघडली तर काही बिघडत नाही. महागडं तिकीट काढून लांब पाळण्याने वर गेलेल्या मुलाच्या वाट्याला दिवसात मोजक्या फेऱ्या येतात. त्यातली एकेक 'चांगली' व्हावी असं घरच्यांनाही वाटतं, बोलून न दाखवता. इथे पोरं मोजतच नाहीत. मोठी मुलं टी-बारने वर जातात. टी-बार म्हणजे दोरीला टांगलेला उलटा टी. दोघांनी आपापल्या बाजूची आडवी दांडी मांड्यांच्या मागे घ्यायची आणि ओढत वर जायचं. त्यावर बसायचं नसतं, आणि बसलं की दोघंही पडतात. रुसलेल्या भावंडांना एकत्र पाठवायला उत्तम यंत्र!

तिथे शिकवण्याची एक पद्धत आहे ती आपल्या शिक्षक मित्रांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात कॉक्रन घराण्यातल्या बार्बरा अ‍ॅन यांनी आईवडिलांनाच शिकवायला सुरुवात केली. मुलाला कसं धरायचं, कधी सोडायचं, रडलं तर कधी आत जाऊन काहीतरी गरम प्यायचं, हे पालकांनी शिकायचं. मुलाला पालक शिकवतात. लहानग्यांची एक शर्यतही असते, 'लॉलीपॉप शर्यत'. खाली पोचलं की लॉलीपॉप मिळतो. कितवा आलास, याच्याशी त्या लॉलीपॉपचा संबंध नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं गंमतजंमत झालं, अशाने खेळाडू कसे घडणार? ऐका तर मग. मिकी आणि जिनी यांची चारही मुलं, मॅरिलिन, बार्बरा अ‍ॅन, बॉब आणि लिंडी, अमेरिकेच्या राष्ट्रीय स्की संघात होती. १९७२ साली जपानमधल्या सापोरोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बार्बरा अ‍ॅन यांनी स्लॅलम शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं. अंतर होतं ०.०२ सेकंदाचं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! पुढच्या पिढीतली सहा नातवंडं राष्ट्रीय संघात गेली, म्हणजे एका घरातून दहा जण. आणि २०२२ साली बीजिंगला बार्बरा अ‍ॅन यांचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल यांनी सुपर-जी शर्यतीत रौप्यपदक जिंकलं. सुवर्ण हुकलं ०.०४ सेकंदाने. आईनंतर बरोबर पन्नास वर्षांनी.

म्हणून 'सैल वातावरण' हा शब्द मी या टेकडीसाठी वापरत नाही. तिथे सराव भरपूर आहे. फक्त त्यात भीती घातलेली नाही.

अशी ठिकाणं तिथे अजूनही काही आहेत. जवळच मॅड रिव्हर ग्लेन म्हणून एक डोंगर आहे, बराच मोठा आणि अवघड. तो १९९५ पासून तिथे येणाऱ्या लोकांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. हे ऐकून मला तर आपल्या साखर कारखान्यांचीच आठवण झाली. एकेका माणसाला नेणारा १९४८ चा पाळणा त्यांनी २००७ मध्ये मोडीत न काढता दुरुस्त करून घेतला. मात्र तिथे स्नोबोर्ड, म्हणजे एकाच रुंद फळीवर उभं राहून घसरणाऱ्यांना, मज्जाव आहे. जावई त्यांची कारणं समजावून सांगत होते. मला ती काही पटली नाहीत. दार उघडं म्हणायचं आणि फळी पाहून अडवायचं!

पण छोट्या टेकड्यांची संख्या घटत चालली आहे, ही गोष्ट मनाला लागते. न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागात सहाशेहून अधिक स्कीची ठिकाणं बंद पडल्याची नोंद आहे. कितीतरी ठिकाणी एखाद्या शेतकऱ्याच्या उतारावर एकच दोरखेच होती. विमा महागला, हिवाळे बेभरवशाचे झाले, कृत्रिम बर्फ पाडायची यंत्रं परवडेनात. जी टिकली त्यांतली बरीच गावकऱ्यांच्या हातांवर टिकली आहेत. आमच्या लेकीने एका रविवारी तिकीटखिडकीवर बसायचं कबूल केलं, जावयांनी कुंपणाच्या जाळ्या लावल्या. शाळांच्या मुलांना दुपारी बसने आणतात, त्या दिवशी बूट बांधायला माणसं कमी पडतात. मलाही कामाला लावलं होतं. बत्तीस वर्षांत चपलांच्या जोड्या लावल्या त्यामानाने ते बूट फार अवघड हो!

मार्चच्या सुरुवातीला दोन दिवस पाऊस लागला. उताराच्या खालच्या भागात पिवळं गवत दिसू लागलं, मग दोरखेच बंद झाली. नातवाच्या हातमोज्यांचे दोन्ही तळवे दोराने झिजून भोकं पडली होती. लेकीने आतून जुन्या जीन्सचं ठिगळ लावून ते पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवून दिले. त्याच डोंगरउतारावर मेपलची झाडं आहेत. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं असे दिवस आले की त्यांचा रस काढतात आणि आटवतात. साधारण चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. आम्ही गेलो तेव्हा आटवायच्या खोलीतून वाफ निघत होती, आणि आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखाच वास सुटला होता.