घरीच तर आहेस ना?

मंडळी, परदेशात राहणाऱ्या मराठी आईबापांच्या तोंडी काही वाक्यं कायमची मुक्कामाला असतात. "जेवलीस का?", "फोन ठेव आता", आणि गेल्या काही वर्षांत त्यांत भर पडलेलं तिसरं, "घरीच तर आहेस ना?" या तिसऱ्या वाक्यानं आमच्या घरात काय केलं, त्याची ही हकिगत. सांगायला थोडी लाज वाटते, पण आमच्यासारखी आणखी चार घरं असतील म्हणून सांगतो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, श्री आणि सौ. १९९६ साली दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन पुण्याहून निघालो आणि फिरत फिरत २००४ साली कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला स्थिरावलो. (आयर्लंडच्या डब्लिनशी आमचा काही संबंध नाही, हे पुण्यातल्या एका काकांना आम्ही आजही दर दिवाळीला समजावतो.) दोन हायवे एकमेकांना छेदतात तिथलं हे गाव. पावसाळ्यात हिरव्यागार आणि मे उजाडला की पिवळ्या पडणाऱ्या टेकड्या, दुपारनंतर सुटणारा वारा, आणि पार्कात संध्याकाळी फिरायला गेलं की कानावर पडणारी निदान चार भारतीय भाषांतली "हळू धाव, पडशील!" घरात आम्ही दोघं, कन्या आणि आजी. आजी म्हणजे श्रींच्या मातोश्री, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या.

कन्या हायस्कूल संपवून कम्युनिटी कॉलेजात जात होती. दोन वर्षं तिथं काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात बदली घ्यायची, असा बेत. २०२१ च्या फॉलमध्ये तिचे बरेचसे वर्ग ऑनलाइनच होते. त्यात एक होता मानसशास्त्राचा. विषय तिनं आवडीनं घेतला होता. सुरुवातीला जेवताना पाव्हलॉव्हचा कुत्रा, मेंदूचे डावे-उजवे भाग, असं काहीबाही सांगायची. मग हळूहळू सांगणं बंद झालं. आम्हांला वाटलं, अभ्यास वाढला असेल.

जानेवारीत एका रात्री तिनं स्वतःहून सांगितलं. मानसशास्त्राचा कोर्स तिनं नोव्हेंबरातच सोडला होता. प्रगतिपुस्तकावर आता त्या विषयापुढे एकच अक्षर होतं, 'डब्ल्यू'. दोन महिने ती ते मनात ठेवून आमच्याबरोबर जेवत होती, हसत होती.

आम्ही काय बोलावं? जे बोलायला नको होतं तेच बोललो. "कॉलेजला जायचं नाही, ट्रॅफिक नाही, पार्किंग नाही. पायजम्यात बसून एक कोर्स पुरा होत नाही?" श्रींनी तर नळाखाली बसून, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली वगैरे शिकलेल्या पूर्वजांची यादी काढली. (त्यांतला एकही आमच्या घराण्यातला नव्हता.) कन्या उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं एक ऑनलाइन कोर्स घेऊन बघा. मग बोला."

आता आव्हान दिलं तर मराठी माणूस मागं हटत नाही, निदान फी कमी असेल तर. कम्युनिटी कॉलेजात वयाची अट नाही, आणि कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला युनिटमागे ४६ डॉलर. तीन युनिटांचे १३८. त्याच रात्री रागाच्या भरात आम्ही दोघांनी मानसशास्त्राच्या प्राथमिक कोर्सला नावं घातली. कन्येनंही तोच विषय पुन्हा घेतला, वेगळ्या शिक्षिकेकडे. एका वर्गात आईबापांबरोबर बसण्यापेक्षा तिनं शिक्षणच सोडलं असतं.

कोर्स कसा होता? आठवड्याला एक प्रकरण, तीन-चार रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, चर्चेच्या पानावर दोन उत्तरं लिहायची, आणि रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होणारी एक चाचणी. शिक्षिकेचा चेहरा चौकटीत दिसायचा. आमचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता.

श्रींनी अभ्यासाची आपली जुनी पद्धत काढली: पिवळी रेघ. पहिलं प्रकरण त्यांनी इतकं पिवळं केलं की पुस्तकाला कावीळ झाल्यासारखं दिसू लागलं. सौंनी व्याख्यान थांबवत थांबवत वहीत सगळं सुवाच्य उतरवून काढलं. दोघांनी प्रकरण तीन-तीनदा वाचलं. सगळं समजलं होतं, अगदी ओळखीचं वाटत होतं. पहिल्या चाचणीत श्रींना दहापैकी पाच आणि सौंना सहा. प्रश्न वाचल्यावर उत्तर 'पाहिल्यासारखं' वाटायचं, पण नेमकं कोणतं, ते काही केल्या येईना. पालथ्या घड्यावर पाणी!

आजी बाजूच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना मानसशास्त्र ठाऊक नाही. पण त्या म्हणाल्या, "अरे, किती वेळा वाचशील? पुस्तक मीट आणि सांग."

मंडळी, आपल्यापैकी कित्येकांच्या लहानपणी तिन्हीसांजेला परवचा असायचा. दिवा लागला की पाय धुवून बसायचं आणि पाढे, श्लोक म्हणायचे, पुस्तक न बघता. अडलं की आजोबा एक शब्द पुढे सरकवायचे, पण वही हातात मिळायची नाही. पुढे मोठेपणी आम्ही त्याला 'घोकंपट्टी' म्हणून नाकं मुरडली. आजी म्हणाल्या, "बघून म्हणणं ती घोकंपट्टी. न बघता आठवणं आणि 'का' ते सांगणं, तो अभ्यास."

पुढे स्मृतीचं प्रकरण आलं आणि आम्ही चाटच पडलो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. पण आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे पुन्हा वाचलं की 'मला येतंय' असं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. २०१३ साली केंट स्टेट विद्यापीठातल्या डनलॉस्की यांनी सहकाऱ्यांबरोबर अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या; रेघा मारणं तळाच्या गटात. सौंनी हे वाचून दाखवलं तेव्हा श्रींनी पिवळं पेन गुपचूप खणात ठेवलं.

कोर्सच्या शेवटी एक छोटा निबंध लिहायचा होता. सौंनी विषय घेतला, 'ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थी कसे शिकतात'. त्या निमित्तानं बरंच वाचलं, आणि गंमत अशी की यातलं पुष्कळसं संशोधन मानसशास्त्राच्याच वर्गांवर झालंय. शिकवणारेच मानसशास्त्रज्ञ, विद्यार्थी समोरच बसलेले! टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, पेनबेकर आणि गॉस्लिंग यांनी २०११ साली नऊशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या वर्गात मोठ्या परीक्षा काढून टाकल्या आणि रोज तासाच्या सुरुवातीला लॅपटॉपवर छोटी चाचणी ठेवली. चुकलेला प्रश्न पुढच्या वेळी पुन्हा यायचा. आधीच्या वर्गापेक्षा मुलांचे गुण वाढले, आणि सुस्थितीतल्या व बेताच्या परिस्थितीतल्या मुलांमधली दरी जवळपास निम्मी झाली. जॉर्जिया टेकनं २०१३ साली मानसशास्त्राचा एक खुला ऑनलाइन कोर्स चालवला. कार्नेगी मेलनच्या केडिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तर व्हिडिओ बघण्यापेक्षा वा वाचण्यापेक्षा प्रश्न सोडवण्याचा शिकण्याशी संबंध सुमारे सहापट जास्त निघाला. हार्वर्डमध्ये २१ मिनिटांच्या रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचे चार तुकडे केले आणि मध्ये मध्ये चाचण्या घातल्या, तर मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, हे आपल्याकडे विहिरीत ढकलणाऱ्या मामाला संशोधनाशिवाय कळलं होतं.

एवढ्यावर लेख संपला असता तर आम्ही तो मोठ्या तोऱ्यात लिहिला असता. पण मार्च आला.

श्रींच्या ऑफिसात नवं काम सुरू झालं. रात्री नऊ-नऊ वाजता भारतातल्या टीमबरोबर बैठका. एका रविवारी ते चाचणी विसरले. पुढच्या रविवारी बारा वाजून चार मिनिटांनी लॅपटॉप उघडला, तर चाचणी बंद! शाळेत मास्तरांना "सर, पोट दुखत होतं" तरी म्हणता यायचं. घड्याळाला काय सांगणार? मग चर्चेच्या पानावर तीन आठवडे मागं पडलेलं बघून त्यांना ते पान उघडायचाच कंटाळा यायला लागला. कंटाळा कसला, भीतीच. एप्रिलमध्ये, मुदत संपायच्या आधी दोन दिवस, चोपन्न वर्षांच्या, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या आमच्या श्रींनी कोर्स सोडला. त्यांच्या नावापुढेही तेच अक्षर लागलं. आणि त्यांनी ते सौंना सांगितलं आठ दिवसांनी.

त्याच सुमारास सौंच्या वाचनात पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाचा २०१४ चा अहवाल आला. आपल्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचा. ऑनलाइन कोर्समध्ये यशस्वी होणाऱ्यांचं प्रमाण वर्गातल्यापेक्षा ११ ते १४ टक्क्यांनी कमी. पण पुढची गोष्ट उलटी: काही कोर्स तरी ऑनलाइन घेणारी मुलं पदवी किंवा बदलीपर्यंत पोचण्याची शक्यता मात्र जास्त. म्हणजे माध्यम वाईट नव्हे. पण ते माणसाकडून काहीतरी मागतं. काय मागतं? वर्गात बाक रिकामा दिसतो. मास्तर हजेरी घेतात, शेजारची मैत्रीण विचारते, "काल का नाही आलीस?" ऑनलाइनमध्ये खुर्ची रिकामी दिसतच नाही. वेळापत्रक, घंटा, हजेरी आणि मास्तरांची नजर, हे सगळं विद्यार्थ्यानं स्वतःच सांभाळायचं असतं.

सौंना नाशिकची मावशी आठवली. १९८९ साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तिनं चाळिशीनंतर बी. ए. केलं. पुस्तकं घरी यायची, पण रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असायचं. मावशी म्हणायची, "त्या रविवारी घरातल्यांना कळायचं की मी शिकतेय. बाकीचे सहा दिवस मी घरीच असायचे."

घरीच असायचे! आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो इथं. दोघांनी बसून मागच्या फॉलचं फॅमिली कॅलेंडर उघडलं. मंगळवार सकाळ: आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, कन्या. गुरुवार: प्लंबर येणार, कन्या. शुक्रवार: इंडियन ग्रोसरी, कन्या. पाहुण्यांना बार्ट स्टेशनवर सोडणं, कन्या. ऑक्टोबरात आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालणारी कोण? प्रत्येक नोंदीमागे आमचं तेच वाक्य होतं. तिचं कॉलेज लांब असतं, ती गाडी घेऊन जात असती, तर यातलं एकही काम आम्ही तिला सांगितलं नसतं. तिनं कधी नाही म्हटलं नाही. कोर्स सोडण्याचं कारण म्हणूनही तिनं यातलं एक अक्षर काढलं नव्हतं. आजींना वाईट वाटेल म्हणून.

त्या रात्री श्रींनी आधी आपला 'डब्ल्यू' सांगितला. कन्या हसली नाही, हे तिचे उपकार. मग कॅलेंडर तिच्यासमोर ठेवलं. श्री म्हणाले, "चुकलं आमचं." आपल्या पिढीतल्या बापांना हे दोन शब्द किती जड जातात ते वाचकांना सांगायला नको. कन्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, थोडं माझंही चुकलं. मी रोज उद्यावर ढकलत होते. पण तुम्ही बघितलंत, ते बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद लागला: कन्येचे अभ्यासाचे तास. त्या तासांत ती 'घरी नाही', असं ठरलं. आजींच्या डॉक्टरच्या वेळा आम्ही दोघांनी वाटून घेतल्या. रात्री जेवण झालं की टेबलावर परवचा सुरू झाला. आजींना इंग्रजी शब्द कळत नसत, म्हणून कन्या त्यांना मराठीत समजावून सांगायची, पुस्तक मिटून. आजी मध्येच विचारायच्या, "पण का गं?" आणि ती अडली की उठून पुस्तक बघायची. यापेक्षा चांगली उजळणी कुठल्या संगणकानं घेतली असती असं आम्हांला वाटत नाही.

मे महिन्यात टेकड्या पिवळ्या पडल्या आणि निकाल लागला. कन्येला 'बी', सौंना 'बी', श्रींना ते अक्षर. जुना 'डब्ल्यू' कन्येच्या प्रगतिपुस्तकावर आहे तिथंच आहे; तो पुसला जात नाही, आणि एका मनाजोगत्या विद्यापीठानं तिला नकारही दिला. दुसऱ्या एका ठिकाणी ती गेली. आता तिच्या खोलीत शिवणाचं मशिन आलंय.

फ्रिजवरचा कागद मात्र आम्ही काढलेला नाही. पुढच्या सेमिस्टरला श्रींनी तोच कोर्स पुन्हा घेतला तेव्हा कन्येच्या नावावर काट मारून खाली 'बाबा' असं आजींनी स्वतः लिहिलं. त्या तासांत कुणाचा फोन आला, तर त्या इंग्रजीत ठणकावून सांगायच्या, "ही इज नॉट ॲट होम."