टेकडीवरचा आकडा

पुण्यात वीकएण्डची सकाळ म्हणजे एआरएआयची टेकडी! खरं नाव वेताळ टेकडी, पण गाड्या तपासणाऱ्या या संस्थेवरून सगळे तिला तसंच ओळखतात. ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज अशाच लॅबमध्ये ठरतं. गाडी रोलर्सवर जागच्या जागी पळते. ना घाट, ना खड्डे. वेग फार तर 90, आणि वर्षानुवर्षं एसीही बंद!

म्हणून बुकिंगआधी मैत्रिणीची हायब्रिड मागून घेतली. ब्रोशर म्हणतं 27. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज, त्यामुळे 24 मिळालं. एक्स्प्रेस-वेवर एसी लावून 100 च्या वेगात इंजिनच राबतं... तिथे 20!

महिन्याला 1000 किलोमीटर, म्हणजे 37 लिटरऐवजी 50. तेव्हा बॉस, दोन गाड्यांची तुलना खुशाल ब्रोशरवरून करा. पेट्रोलचं बजेट मात्र आपल्या रोजच्या रस्त्यावरूनच!